नानांचा पांढरा रुमाल

माझे वडील, म्हणजे आमचे नाना, माझ्याशी वर्षभर खोटं बोलले.

आज नानांना जाऊन चार वर्षं झाली. सकाळी फोटोला हार घातला आणि पुन्हा राग आला. राग म्हणते मी, पण ती भीतीच आहे. जुनी. नव्वदच्या दशकातली.

तेव्हा आम्ही सुरतला डिंडोलीत राहायचो. मूळचे खानदेशी, घरात अहिराणी. नाना पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होते. साड्या छापायचे रंग जिथे तोलून कालवतात, ती खोली.

मी सुरतमध्येच टेक्स्टाईल डिझाईन शिकत होते. नाना ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटायचे, "पोरगी डिझायनर व्हई!" डिझायनर म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही फारसं नव्हतं.

आमच्या मॅडमचे प्रोजेक्ट म्हणजे डोक्याला ताप. माप नाही, मटेरियल नाही. बोर्डावर नुसती एक ओळ, आणि वर गुजरातीत, "करो जे करवुं होय ते".

एकदा लिहिलं, शांतता.

नाना नाइट करून दिवसा झोपायचे. मी घरातल्या सगळ्या भांड्यांना चिंध्यांची कव्हरं शिवली. आवाज न करणारं स्वयंपाकघर! मॅडम खूश. आई म्हणाली, "कौतुक व्हई गयं व्हई ते मना कुकर सोडी दे."

मग शेवटच्या वर्षाचा पहिला प्रोजेक्ट आला.

जे दिसत नाही, ते दाखवा.

आठवडाभर काही सुचेना. शेवटी नानांनाच विचारलं.

ते जेवता जेवता म्हणाले, "आमनाकडे ये. रंगनी पूड उडस, कोठे बसस ते दिसत नही. पानी पडनं का मंग देख तिना तमाशा."

झालं! मला काय, आयतंच मिळालं.

नानांची उशीची खोळ, पंचा आणि खिशातला रुमाल, तिन्ही न धुता उचलले आणि वर्गात दोरीवर टांगले. पांढरेच दिसत होते, जरा मळकट इतकंच. मॅडमच्या हातात पाण्याचा फवारा दिला.

पहिला फवारा पंच्यावर. गुलाबी ठिपके उमटले. मग निळे, पिवळे. पोरं ओरडायला लागली.

रुमालावर लालभडक डाग.

मग खोळ. नाना कुशीवर झोपायचे. जिथे नाक-तोंड टेकायचं, बरोबर तिथे एक जांभळा-काळा डाग पसरत गेला. पसरतच गेला.

वर्गात टाळ्या पडल्या. मॅडमनी विचारलं, "आ कोनुं छे?"

मी म्हणाले, "पप्पानुं."

टाळ्या थांबल्या.

खरं सांगते, तोवर मी फक्त मार्कांचा विचार करत होते. मग मॅडमचा चेहरा बघितला. हे उशीवर आहे, तर छातीत किती असेल?

घरी येऊन नानांच्या मागेच लागले. "नाना, रंगखातं सोडा. आजच्या आज."

"मले काय व्हस? धट्टाकट्टा शे मी."

मी जेवले नाही. रडले, भांडले. सकाळी मोरीत नाना खाकरले की मी दाराशी जाऊन उभी राहायचे. वर्गात कुणी साधं शिंकलं तरी ती खोळ डोळ्यांपुढे यायची.

पंधरा दिवसांनी नाना घरी आले ते हसतच.

"सोडी दिधं रंगखातं. आते फोल्डिंगमा शे. साड्यास्न्या घड्या करानं काम. खूश?"

विश्वास कोण ठेवतंय! मी त्यांचा रुमाल हळूच मोरीत नेला आणि नळाखाली धरला.

पांढरा.

दुसऱ्या दिवशीही पांढरा. वर्षभर, जवळजवळ रोज. पांढराच.

हळूहळू माझी भीती गेली. नाना आता आंघोळ करून, ओल्या केसांनीच घरी यायचे, भर थंडीतसुद्धा. मला वाटलं, फोल्डिंगवाल्यांना बरी सोय आहे. बावळट मी.

कोर्स संपला, मला नोकरी लागली. पुढच्याच महिन्यात नानांनी मिल सोडली. म्हणाले, गुडघे दुखतात.

खोकला राहिला. वर्षानुवर्षं. शेवटी शेवटी ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टर म्हणाले, "विडी-बिडी?" नानांनी जन्मात विडीला हात लावला नव्हता.

नाना गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी दत्तूकाका भेटायला आले. नानांच्याच मिलमधले, मूळचे परभणीचे. बोलता बोलता मी म्हणाले, "बरं तरी, मिलमधलं शेवटचं वर्ष फोल्डिंगला होते."

काका म्हणाले,

"फोल्डिंगला? तुझा बाप तिकडं कधी गेलाच नाही, बाई. जागाच नव्हती तिथं, आणि पगारही अर्धा. शेवटच्या दिवसापर्यंत रंगखात्यातच होता."

"पण काका, रुमाल..."

"सुट्टी झाली की रोज धुवायचा ना. साबण लावून. बॉयलरच्या पाइपावर वाळवायचा, डोकं धुवायचा, मगच निघायचा. आम्ही हसायचो त्याला. म्हणायचा, हसू नका रे, पोरगी तपासते."

म्हणजे नानांनी मला मोरीत बघितलं होतं.

तो रुमाल कडक असायचा, आठवतंय मला. हाताला कडक लागायचा. रोज हातात धरत होते, आणि एकदाही विचारलं नाही की मिलमधून येणाऱ्या माणसाचा रुमाल इतका स्वच्छ कसा.

न दिसणारं दाखवल्याबद्दल वर्गात पहिली आले होते मी. ती मार्कशीट अजून कपाटात आहे. काढून बघायची हिंमत होत नाही.

पोरीचं शेवटचं वर्ष आहे, ते होऊ दे. एवढंच डोक्यात असणार त्यांच्या. मला न घाबरता शिकता यावं म्हणून माणूस रोज तिथे श्वास घेत राहिला, आणि वर धुणं धुवून घरी आला.

आज सकाळी त्यांचा एक रुमाल कपाटात सापडला. घेऊन नळापर्यंत गेले. नळ सोडला नाही.

नाना, आता रुमाल धुवू नका.

मी नाही तपासणार.