धुराचा फलक

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नागपुरातल्या एका संग्रहालयात मराठी फलक लिहायच्या कामावर होते. पृथ्वीवरची हवा तापत चालली आहे, हे शास्त्रज्ञांचं बोलणं तेव्हा वर्तमानपत्रात अधूनमधून येऊ लागलं होतं. आमच्या प्रमुखांनी त्यावर एक फिरतं प्रदर्शन करायचं ठरवलं. मदतीला हवामान खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब होते. पहिला मुक्काम आमच्याच वस्तीतल्या बुद्धविहारात, असंही प्रमुखांनीच ठरवलं. "तुमची माणसं आहेत, तुमचं ऐकतील," असं ते म्हणाले.

प्रदर्शनाचा दिवस जवळ आला तसं मला जेवण जाईनासं झालं. आमच्या वस्तीतले निम्मे पुरुष औष्णिक वीज केंद्रात कामाला होते आणि माझे बाबा त्यांतलेच, बॉयलरवर. आमच्या घराण्यातली ती पहिली पगाराची नोकरी. तिच्याच जोरावर मी कॉलेजात गेले होते. आणि एका फलकावर मीच रंगवलं होतं, कोळशाच्या धुरामुळे हवेत एक वायू वाढतो आणि तो उष्णता धरून ठेवतो.

"हा एक फलक इथं नको लावूया," मी साहेबांना म्हटलं.

"काढा. पण हवा कशामुळे तापते असं कोणी विचारलं, तर काय सांगाल?"

मी फलक काढला नाही.

रविवारी दुपारी विहार भरला. बाबा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. साहेबांनी बोलायला सुरुवात केली, पण त्यांची भाषा पुस्तकी. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी मीच पुढे झाले. उन्हात एक तापमापक उघडा ठेवला होता, दुसरा काचेच्या बरणीखाली. दोन्ही आणून दाखवले. "बरणीतली गर्मी बाहेर निंगत नाही. काचेचं काम येगळं हाय, पण हवेतला हा वायूबी गर्मी अशीच धरून ठेवते," असं आमच्या बोलीत सांगितलं, तशा माना हलल्या.

मग धुराच्या फलकापाशी बाबांच्याच पाळीत काम करणारे, केंद्राच्या वसाहतीत राहणारे एक काका उभे राहिले.

"म्हणजे आमीच गुन्हेगार काय?" ते तडकून म्हणाले. "आमी कोयसा जाळतो म्हणून तुमच्या घरी पंखा फिरते!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. इतक्यात बाबा भिंतीपासून पुढे आले.

"तिनं आपलं नाव नाही घेतलं गा. कोयशाचं घेतलं." मग ते साहेबांकडे वळले. "साहेब, केंद्र तं बंद नाही करता येत. मग काय करता येते?"

 "एकच असा उपाय नाही," साहेब म्हणाले. मग विजेची नासाडी टाळणं, सूर्यचूल, उन्हापासून वीज करायचे प्रयोग, हे सगळं त्यांनी सावकाश आणि साध्या शब्दांत समजावलं. काका हाताची घडी घालून ऐकत राहिले. एका बाईनं विचारलं, "सूर्यचुलीत भाकर होते का हो?" साहेब म्हणाले, "भाकरी नाही, वरणभात होतो." त्यावर सगळे हसले. 

घरी परतताना बाबा सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत होते.

"तू काहून एवढी घाबरून राहिली होती वं?"

"मले वाटलं, तुम्हाले वाईट वाटन."

"वाटलं ना," ते म्हणाले. "पण हेच कोणा परक्यानं येऊन सांगितलं असतं, तं जास्त वाटलं असतं."

थोडं पुढे गेल्यावर मागून हाक आली. ते काकाच होते. आता माझ्यावर चिडतात की काय, असं वाटून मी थबकले. ते जवळ आले आणि म्हणाले, "पोरी, आमच्या वसाहतीतबी आणा ते प्रदर्शन. अन् तो धुराचा फलक समोरच लावजो. तिथल्या लोकायनं पहाले पायजे."

 बाबांनी कॅरियरवरची माझी पिशवी सरळ केली आणि आम्ही तिघं चहाच्या टपरीकडे वळलो. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मला भूक लागली होती.