दिल्लीचा पैसा आणि दाराआडची पिशवी

दवाखान्यात शेवटच्या दिवशी ह्यांनी माझा हात धरून विचारलं, "खाली जीप उभी आहे का गं?" मी नाही म्हटलं, तरी हात सैल झाला नाही...

आमचे हे भित्रे होते. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण खोटं कशाला लिहू? विजेला घाबरत, कुत्र्याला घाबरत, साहेबांच्या घंटीला तर फारच. बहात्तरच्या दुष्काळात नगरच्या सांख्यिकी कचेरीत ह्यांच्याकडे एक काम आलं. दिल्लीचा पैसा कुठल्या तालुक्यात किती पोचतो, ते काढायचं. लष्कराच्या छावणीतल्या जवानांचा पगार नगरला निघायचा, म्हणून तो जिल्ह्याच्या नावावर लागायचा. जवान मात्र तो मनीऑर्डरीने आपापल्या गावी पाठवायचे. हे ह्यांनी पोस्टात जाऊन पाहिलेलं. साहेब म्हणाले, छावणीच्या पगारासकट सगळी रक्कम एकत्र करा आणि तालुक्यांत माणशी वाटून टाका. तसं केलं की कागदावर श्रीगोंद्यासारखा कोरडा तालुकासुद्धा सुखवस्तू दिसणार आणि तिथली दुष्काळी कामं बंद करायला निमित्त मिळणार, हे ह्यांना दिसत होतं.

माझा भाऊ तेव्हा श्रीगोंद्यातच काष्टीजवळ अशाच कामावर खडी फोडत होता, बायकोपोरांसकट. आम्ही भेटायला गेलो, तर म्हणाला, "दाजी, लोकं म्हनत्यात काम बंद हुनार. मग आमी पोरं घिऊन कुठं जायाचं?" ह्यांच्या हातातला चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी छावणीचा खर्च वेगळा दाखवून तक्ता दिला. घरी आले आणि आधी दाराला कडी घातली. "बदली तरी होणार, नाहीतर नोकरीच जाणार," म्हणाले आणि पिशवीत कपडे भरायला लागले. दोन सदरे, पायजमा आणि माझं एक पातळ. माझं कशाला, विचारलं तर म्हणे, "लांब कुठं फेकलं तर मी एकटा राहीन होय? मला भीती वाटते." मला हसू आलं, पण ते पातळ मी परत काढून घेतलं नाही. मुली लहान होत्या... पुढे कित्येक दिवस रस्त्यावर जीप वाजली, की साहेबांचा माणूस आला असं वाटून आम्ही दोघंही बोलता बोलता थांबायचो.

कुणी आलं नाही. खडीचं काम पाऊस पडेपर्यंत चाललं. ह्यांच्या तक्त्यामुळे की कसं, ते कधीच कळलं नाही. भरलेली पिशवी मात्र दाराआड ठेवली होती, ती तिथून हलली नाही. दर दिवाळीला हे आतले कपडे बदलायचे, माझं जुनं पातळ काढून धुतलेलं ठेवायचे. "अहो, आता तर पेन्शन लागली!" मी चिडवायची. "असू दे गं," म्हणायचे.

परवा केर काढताना पिशवी उघडली. वरच माझं पातळ होतं, घडी घातलेलं. इतके घाबरट, आणि एवढ्या लांब मला न घेताच गेले.