तलंगीच्या गळ्यातलं सूत

पवनीत विणकरांच्या मोहल्ल्यात जाऊन टिकाराम निमजे कुठं राहतो असं विचारलं, तर माणसं जरा घुटमळतात. मग कुणीतरी म्हणतं, "म्हंजे सुलोचनाबाईचा बुढा? मंग असं सांगा ना!" टिकारामला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. त्याचा उभा जन्म मागाच्या खड्ड्यात पाय सोडून गेला. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. बाहेरचं सगळं जग सुलोचनाबाईचं. सूत आणणं, लुगडी व्यापाऱ्याकडं पोचवणं, पोरीची शाळा, दवाखाने, सोयरीक, शेजाऱ्यांशी भांडण आणि पुन्हा गोडी, हे तिनंच पाहिलं. मागच्या अंगणातल्या कोंबड्याही तिच्याच. टिकारामचा कोंबड्यांशी संबंध काय तो ताटापुरता.

हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही तसा माग बंद पडला. टिकाराम ओसरीवर बसू लागला, आणि सुलोचनाबाई मात्र होती तेवढीच कामात राहिली. अशात नागपूरला त्यांच्या एकुलत्या लेकीला, करुणाला, मुलगा झाला. लग्नानंतर फार वाट पाहायला लावून झालेलं लेकरू. सुलोचनाबाई पिशवी भरून निघाली. "दिवाळीले येतो म्हणा माहेरवासीण घेऊन," असं हसत हसत मोहल्ल्याला सांगून गेली.

दिवाळी आली आणि गेली. करुणाची रजा संपली. ती कामावर जायला लागली, जावयाची पाळी कधी दिवसाची कधी रात्रीची, मग लेकराजवळ कोण? सुलोचनाबाई तिकडंच राहिली. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कुणी बोललंही नाही. रोज दुपारी लेकरू झोपलं की तिचा फोन यायचा.

"जेवले का?"

"जेवलो."

"का बनवलं?"

"भात न् वरण."

"कोंबड्यायले पाणी देल्लं?"

"देल्लं."

"मंग ठेवू?"

"ठेव."

एवढंच. जन्मभर ती एका घरात राहून बोलत आली होती आणि तो हूं हूं करत आला होता. फोनवर हूं करायलाही पुढून बोलणं यावं लागतं. लेकराला उठवायला नको म्हणून ती हळू बोलायची, आणि त्याला अर्धं ऐकू यायचं नाही.

घर फार शांत झालं होतं. सकाळी भांड्यांचा आवाज नाही, दारात कुणाला हाक नाही. एक दिवस टिकारामनं मागावरचं जुनं गोणपाट काढलं, जाळी झाडली, कोठीत उरलेलं सूत बाहेर काढलं आणि ताणा लावला. हे कापड कुणी घेणार नव्हतं, ते त्याला ठाऊक होतं. पण धोट्याचा खटखट आवाज सुरू झाला आणि घरात कुणीतरी आहे असं वाटू लागलं. संध्याकाळी तो खड्ड्याभोवतीचे सुताचे तुकडे झाडायचा आणि मागच्या दारानं अंगणात लोटून द्यायचा.

कोंबड्यांमध्ये एक तांबूस तलंग होती. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली, वयात येऊ घातलेली पोर. पावसाळ्यात सुलोचनाबाईनं बसवलेल्या खुडूक कोंबडीची हीच एक उरलेली. बाकीची पिल्लं मुंगसानं नेली होती. थंडीचे दिवस सुरू झाले आणि ही तलंग खुराड्यातून सगळ्यांच्या मागून निघू लागली. दाणे टाकले की धावत यायची, एकदोन टिपायची आणि बाजूला उभी राहायची. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले. मधूनच मान लांब करायची, चोच उघडायची आणि मान अशी काही पिळायची की बघणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा.

शेजारच्या डोमानं भिंतीवरून पाहिलं. डोमा कधी बकऱ्या, कधी कोंबड्या बाजारात नेऊन विकणारा माणूस. त्याच्या शब्दाला वजन होतं.

"मानमोडी हाये, भाऊ," तो म्हणाला. "आजच कापून टाक. नाई तं दोन दिवसांत पुरं खुराडं साफ होईन. मागं माह्या घरी झालं होतं."

कोंबड्या सुलोचनाबाईच्या. तिच्या माघारी सगळ्या मेल्या तर तिला काय सांगायचं? टिकारामनं तलंगीला टोपलीखाली वेगळं ठेवलं आणि दुपारची वाट न पाहता स्वतःहून फोन लावला. असा फोन त्यानं आजवर कधी लावला नव्हता. तिकडून सुलोचनाबाई घाबऱ्या आवाजात म्हणाली, "का झालं? बरे हाये ना तुमी?"

"मी बरा हाये. तुई तांबडी तलंग बिमार हाये. डोमा म्हणते मानमोडी हाये."

हे ऐकताच तिचा आवाजच बदलला. लेकराजवळचा दबका आवाज गेला आणि अंगणातला आवाज आला.

"डोमाले का समजते! मले सांगा, मान वाकडी होऊन तशीच राह्यते, का ताणते आन् मंग सरळ होते?"

"सरळ होते."

"पंख लोंबून राहिले? पाय ओढून राहिली?"

"नाई. चालते तं बरी."

"नाकातून पाणी, घरघर?"

"घरघर नाई."

"हगते कशी? पाहा बरं जाऊन."

टिकाराम फोन कानाला धरून मागच्या दारी गेला, टोपली उचलली, खाली वाकला. "थोडीशी हाये. पाण्यावानी. हिरवट नाई दिसत."

"बाकीच्या?"

"बाकीच्या ठणठणीत."

"मंग मानमोडी नाई ते. आता तिले काई खायले देऊ नोका, नुसतं पाणी ठेवजा. उद्या सकाळी उठल्या उठल्या, तिनं चोचीत काई घ्यायच्या आधी, गळ्याखाली छातीवर हात लावून पाहजा. तिथं दाण्याची पिशवी राह्यते. रातभर दाणे जिरते, सकाळी पिशवी रिकामी पाह्यजे. भरली असन तं मले सांगजा."

त्या दिवशी ती कितीतरी वेळ बोलली. कोंबडी कशी धरायची, पंख कसे काखेत दाबायचे, पाय कसे बोटांत घ्यायचे. टिकारामला वाटलं, हिला एवढं सगळं येतं आणि आपण एका छपराखाली राहून हे कधी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं तलंगीला काखेत घेतलं. ती इतकी हलकी होती की त्याला वाईट वाटलं. पिसांखाली छातीचं हाड हाताला लागत होतं. पण गळ्याखाली उजव्या बाजूला बोटं नेली तर तिथं लिंबापेक्षा मोठी, घट्ट गाठ.

"भरली हाये," त्यानं फोनवर सांगितलं.

"मऊ का कडक?"

"कडक. आपल्या सुताच्या गुंडीवानी."

तो सहज बोलून गेला, आणि तिच्याही लक्षात आलं नाही.

"आतमंदी अडकलं काईतरी," सुलोचनाबाई म्हणाली. "गवत असन नाई तं कोंडा. गोड्या तेलाचे थेंब पाजा, कोमट पाणी पाजा, आन् पिशवी हळूहळू चोळजा. पन जोर नोका लावू, आन् उलटी नोका करू तिले. पाणी छातीत गेलं का खतम."

टिकारामनं माग थांबवला. तलंगीला मांडीवर घेऊन तो उन्हात बसायचा, चोचीच्या कडेनं तेल सोडायचा आणि अंगठ्यानं गाठ चोळायचा. जन्मभर सूत हाताळलेली बोटं. गाठ कुठं सुटते, कुठं आवळते हे त्यांना समजायचं. ही गाठ सुटत नव्हती. पाणी वरच्या वर राहायचं आणि चोचीला आंबूस वास येऊ लागला. सुलोचनाबाई आता सकाळी फोन करायची, दुपारी करायची, लेकराला मांडीवर थोपटत संध्याकाळीही करायची. वास आंबूस आहे हे ऐकलं तशी म्हणाली, "आता घरचं बस झालं. जनावराच्या दवाखान्यात न्या."

टिकाराम टोपलीला फडकं बांधून दवाखान्यात गेला. तिथं बैल होते, बकऱ्या होत्या, एक पाय बांधलेला कुत्रा होता. कोंबडी घेऊन आलेला तो एकटाच. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. टोपली पाहून म्हणाल्या, "ही तर सुलोचनाबाईंची टोपली. त्या लस टोचायला घेऊन येतात. नाही आल्या?"

"नागपूरले हाये. पोरीजवळ."

"तुम्ही त्यांचे...?"

"घरवाला," टिकाराम म्हणाला. म्हणताना त्याला उगीचच संकोच वाटला, जणू हे सिद्ध करायला जवळ काही पुरावा नव्हता.

बाईंनी तलंगीचं नाक पाहिलं, डोळे पाहिले, घसा उजेडाकडं करून आत पाहिलं. मग गळ्याखाली बोटं फिरवली. "पिशवी तुंबली आहे. चोळून निघायचं असतं तर एव्हाना निघालं असतं. उघडून काढावं लागेल. वाचेल असं वाटतं, पण खात्री देत नाही. अंगात काही उरलेलं नाही तिच्या. धराल का तुम्ही?"

त्यानं धरली. बाईंनी पिसं उपटून जागा मोकळी केली, सुई टोचून ती बधिर केली आणि छोटीशी चीर दिली. चिमट्यानं आधी ओला कोंडा निघाला, कुजका वास सुटला. मग काहीतरी चिवट लागलं. बाई ओढत गेल्या आणि ते येतच राहिलं. चिखलानं माखलेला गुंता होता. त्यांनी तो पाण्यात धरून हलवला आणि त्यातून निळा रंग दिसला, मग लाल.

"धागा आहे. ह्यांना तो किड्यासारखा दिसतो, गिळत सुटतात. घरात शिलाईचं काम आहे का?"

टिकाराम त्या गुंत्याकडं पाहत राहिला. निळा त्याच्याच ताण्याचा होता. लाल काठाचा. "माग हाये," तो म्हणाला.

"मग तुकडे बाहेर पडू देऊ नका."

त्यांनी दोन थरांत टाके घातले, औषध दिलं. काही दिवस फक्त मऊ भात दह्यात कालवून, थोडा थोडा, दिवसातून बऱ्याचदा. जखमेला चोच लागू द्यायची नाही, माशी बसू द्यायची नाही.

घरी येऊन त्यानं फोनवर सगळं सांगितलं. सूत होतं हेही सांगितलं.

"तुमी माग चालू केला?" सुलोचनाबाईनं विचारलं. हे त्यानं तिला सांगितलंच नव्हतं.

"असाच. टाइमपास."

"मी रोज तुकडे वेचून डब्यात टाकत होतो," ती म्हणाली. "तुमाले सांगाचं राह्यलंच बापा. मले वाटलं तुमाले मालूम असन."

टिकारामला आठवेना. माग चालू असताना ती रोज त्याच्या पाठीमागं वाकून तुकडे वेचत असणार, आणि त्यानं मान वळवून कधी पाहिलं नव्हतं.

तलंगीची टोपली त्यानं मागाजवळच ठेवली. तो भात कालवायचा, बोटावर घेऊन तिच्या चोचीशी न्यायचा. पहिल्या दिवशी तिनं घेतला नाही. दुसऱ्या दिवशी घेतला. मग ती टोपलीतून मान काढून मागाकडं बघू लागली. टाके वाळले, पिशवी सकाळी रिकामी लागू लागली, तुरा लाल झाला. थंडी सरता सरता ती अंगणात बाकीच्यांना टोचून दाणे हिसकावून घेऊ लागली.

सुलोचनाबाईचा रोजचा फोन आला.

"तलंग कशी हाये?"

टिकाराम दारात उभा होता. समोर तलंग उकिरडा उपसत होती. बरी आहे म्हटलं की पुढं काय होणार हे त्याला दिसत होतं. जेवले का, जेवलो, ठेवू का, ठेव.

"तशीच हाये," तो म्हणाला. "अजून सुस्त राह्यते."

"अवो बापा! खाते का?"

"थोडं खाते."

मग ती बोलू लागली. भातात हळद घाला, पालकाची पानं बारीक कापून द्या, उन्हात बसवा. टिकाराम ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशीही त्यानं तसंच सांगितलं. नंतर सवयच झाली. कधी म्हणायचा, आज जरा बरी आहे. कधी म्हणायचा, आज पुन्हा पडून राहिली. पुढं तलंग अंडी देऊ लागली, तेही तो बोलला नाही. ती अंडी त्यानं कधी खाल्ली, कधी डोमाच्या घरी दिली.

फाल्गुनात नात्यातलं एक लग्न पवनीत निघालं. करुणानं सुट्टी काढली आणि सुलोचनाबाई दोन दिवसांसाठी आली. उतरल्या उतरल्या, तोंडावर पाणीही न मारता, ती मागच्या दारी गेली. टिकाराम मागोमाग गेला. तलंग भिंतीवर चढून बसली होती. हिला पाहून फडफडत खाली आली. सुलोचनाबाईनं तिला सहज उचललं, गळ्याखालची पिसं फुंकून बाजूला केली. खूण शोधावी लागत होती, इतकी भरून आली होती. मग तिनं खुराड्यात हात घातला आणि एक अंडं काढलं. तलंगीची अंडी सुरुवातीला लहान असतात. हे तसंच, तळहातात मावून जागा उरावी असं होतं. तिनं ते थोडा वेळ हातात धरलं.

टिकाराम अंगणातल्या झाडूकडं पाहत उभा राहिला.

ते अंडं तिनं पदरात घेतलं आणि घरात जाऊन चहा ठेवला.

दोन दिवस घर भरलेलं होतं. लग्नाला आलेली माणसं तिला भेटायला येत होती, दारात हसणं होतं. टिकारामनं एकदाच विचारलं, "आता किती दिवस?"

"पोरगी कामाले जाते. लेकरू कोणाजवळ ठेवन?" ती म्हणाली. "तुमीच चला ना."

तो एकदा राहून आला होता. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं आणि कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून पाय आखडून घ्यायचे. "कोंबड्यायले कोण पाहीन?" तो म्हणाला. तिनं पुन्हा आग्रह केला नाही.

निघायच्या सकाळी तिनं दोन वेळचा स्वयंपाक करून ठेवला. स्टँडवर नागपूरची गाडी लागली, तिनं पिशवी आत टाकली, पायरीवर पाय ठेवला आणि वळून म्हणाली, "फोन करत जाजा. कोंबडी बिमार असन तरच करा, असं काई नाई."

टिकारामचं तोंड उतरलं. ती ते पाहायला थांबली नाही. कंडक्टर घाई करत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं स्वतःच फोन लावला. तिनं उचलला. तलंगीचं तिनं विचारलं नाही.

"का करून राहिले?" ती म्हणाली.

"बसलो हावो," तो म्हणाला. "मागावर."

"हूं," ती म्हणाली.

तिनं फोन ठेवला नाही, त्यानंही नाही. तिकडं कुकरची शिट्टी झाली, खाली रस्त्यावर कुणी भाजी विकत होतं. मग लेकरू रडलं, "उठला वाटते," म्हणत ती गेली, आणि फोन बंद झाला. टिकारामनं तो मागाच्या फळीवर ठेवला. दुपार अजून बरीच शिल्लक होती.