शिस्तमंत्री व्हरांड्यात

मला एका जागी थांबता येत नाही. आजही बँकेच्या रांगेत माझे पाय चुळबुळत असतात, पुढच्याने फॉर्म हळू भरला की मी तोंडातल्या तोंडात पुटपुटते. अशा मुलीला दहावीत शाळेच्या मंत्रिमंडळात शिस्तमंत्री केलं, म्हणजे कमालच होती!

लोणावळ्यातल्या आमच्या शाळेत दरवर्षी मुलांचं मंत्रिमंडळ निवडून यायचं. आरोग्यमंत्र्याने नखं बघायची, स्वच्छतामंत्र्याने कागद उचलायला लावायचे आणि मी सात वाजता फाटकाशी उभं राहून उशिरा येणाऱ्यांची नावं वहीत लिहायची. नाव लागलं की पहिला तास वर्गाबाहेर, व्हरांड्यात उभं. आणि दहावीचा पहिला तास रोज गणिताचा.

माझ्या बाकावरची मैत्रीण कान्ह्याहून लोकलने यायची. ती गाडी पोहोचायचीच सातनंतर. आधीची अंधारात होती, तिला घरून परवानगी नव्हती. ती धापा टाकत यायची आणि मी तिचं नाव लिहायचे. रोज. "लिही गं, तुझा काय दोष," असं वर तीच म्हणायची, तेव्हा मला तिचा इतका राग यायचा की विचारू नका.

पहिल्या चाचणीत ती गणितात नापास झाली. तिचे अब्बा गावात शिलाईचं दुकान चालवायचे. ते म्हणाले, "तितं भाईर हुबंच ऱ्हायाचं, तर हितं मशीनवर बसलेली काय वाईट?" आणखी एकदा नापास झाली तर शाळा बंद, असं घरी ठरलं. तिने मला हे हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

मंत्रिमंडळाच्या बैठकीत मी तीनदा मागणी केली, घंटा वीस मिनिटं उशिरा करा. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, गोड हसून म्हणायच्या, "बघू." नळाला तोट्या मागितल्या, मिळाल्या. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी मिळाली. घंटेचं मात्र बघू. गणिताच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "नियम आहे. आणि नावं तूच लिहितेस ना?" काय बोलणार, कप्पाळ!

शिक्षकदिनी दहावीची मुलं शिक्षक होतात. मी झाले मुख्याध्यापिका. आईची अबोली साडी, तिला डझनभर पिना. मोठ्या बाई खुर्चीवरून उठताना म्हणाल्या, "आज शाळा तुझी हं." म्हणायची पद्धत असते ती. पण समोर सूचनांची वही होती आणि मला दम कुठे धरवतो? मी लिहिलं, 'उद्यापासून पहिली घंटा सात वाजून वीस मिनिटांनी होईल.' खाली सही ठोकली आणि वही शिपाईमामांना दिली. त्या टेबलावरची वही वर्गावर्गात फिरवायची, हे मामांच्या अगदी हाडीमाशी खिळलेलं. "व्हय बाई," म्हणून ते निघालेसुद्धा. त्या दिवशीचे सगळे सर आणि मॅडम आमच्याच वर्गातले, सूचना वाचून भराभर सह्या करत गेले. खरे शिक्षक तेव्हा समोसे खात होते.

दुसऱ्या दिवशी सातच्या प्रार्थनेला निम्मं मैदान रिकामं. मग मुलं हसतखेळत, निवांत येऊ लागली. गणिताचे सर फाटकात लालबुंद. मोठ्या बाईंच्या हातात ती वही. आणि त्या गर्दीत माझी मैत्रीण, सोबत तिचे अब्बा. तिने सूचना डायरीत उतरवून घरी दाखवली होती. शाळेने आपल्या पोरीचं ऐकलं म्हणून ते आभार मानायला आले होते, कडक इस्त्रीचा सदरा घालून.

"मग ही सही कुनाची हाय?" सूचना खरी नाही हे बाईंकडून कळल्यावर त्यांनी विचारलं.

"माझी," मी म्हणाले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला.

ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग पोरीचा दाखला द्या बाई. नाव काढतो शाळेतनं." बाईंनी परोपरीने समजावलं, ते ऐकेनात. शेवटी बाई म्हणाल्या, अर्ज द्या, आठ दिवसांनी दाखला मिळेल.

माझं मंत्रिपद गेलं. वर शिक्षा, आठ दिवस पहिला तास लोकलवाल्या मुलांबरोबर व्हरांड्यात उभं राहायचं. मी! दोन मिनिटं धड न थांबणारी! पाऊस तिरका आत यायचा, म्हणून वर्गाच्या खिडक्या बंद. सरांचा आवाज नुसता घुमायचा, शब्द म्हणून कळायचा नाही. रोज तिचं नाव लिहून मी तिला कुठे पाठवत होते, ते मला तिथे समजलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी मी उसळलेच. सर वर्गात शिरत होते. "सर, बाहेर उभं राहायचा नियम आहे. बाहेर शिकायचं नाही असा कुठे आहे? खिडकी तरी उघडा!" मैत्रिणीने माझी वेणी खेचली. सर तडक आत गेले. आता शाळेतून माझंच नाव निघणार, म्हणून मी नखं कुरतडत राहिले.

खाडकन खिडकी उघडली. आतली मुलं ओरडली, "सर, वह्या भिजतायत!"

"सरका मग तिकडे," सर म्हणाले आणि स्टँडवरचा फळा ओढत खिडकीशी आणला. मग रोज तसंच. घंटा काही हलली नाही. अजून सातलाच होते, आठवलं की माझं डोकं फिरतं.

आठव्या दिवशी अब्बा आले. मोठ्या बाई दाखला घेऊन ऑफिसातून व्हरांड्यात आल्या. आतून सर विचारत होते, "बाहेरून कोण सांगेल?" माझ्या मैत्रिणीने गजांना तोंड लावून उत्तर सांगितलं. "कसं आलं ते सांग," सर म्हणाले. ती एकेक पायरी सांगत गेली आणि मध्येच अडली. सर खडू धरून थांबले. मला वाटलं, आपणच ओरडून सांगावं. तेवढ्यात बाईंनी कागद पुढे केला.

अब्बांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "ऱ्हाऊ द्या बाई," ते हळूच म्हणाले, "तिचा तास चालू हाय."