उभ्या धानातली लाखोळी

आमच्या भिलाईच्या घरात दोन प्रकारची माणसं आहेत. कामाआधी कागद काढणारा मी, आणि कामाआधी चप्पल काढणारी माझी बायको.

स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमधून मी रिटायर झालो आणि उतई गावाच्या पुढे दीड एकर जमीन घेतली, ती तिच्या हट्टानं. तिचं माहेर भंडाऱ्याकडचं, धान पिकवणारं. इथे मात्र क्वार्टरच्या कुंपणावर वालाचे वेल चढवण्यात तिची उमेद गेली. मुलाला ही शेती पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. भिलाईला लागून असलेलं कुरुद बघता बघता शहर झालं, उतईही होईल, प्लॉटिंगवाल्याला देऊन टाका, असं त्याचं पालुपद. शेवटी तिनं त्याच्याकडून एक वर्ष मागून घेतलं.

"एक साल मले करू दे. काई नाई पिकलं तं इकून टाका. मी तोंडातून शब्द नाई काढणार."

ती सहसा कुणाकडे काही मागत नाही. पोटच्या पोराकडे मागावं लागलं, याचं मला वाईट वाटलं.

औषध नाही, युरिया नाही, इथवर आमचं एकमत होतं. काय लावायचं म्हटल्यावर ते संपलं. मी चार्ट पेपर आणला, शिफ्टच्या रोस्टरसारखे रंगीत चौकोन आखले आणि त्यात ब्रोकोली, ढोबळी मिरची, लाल पत्ताकोबी भरली. हुडको कॉलनीतले लोक हल्ली हेच खातात, हा माझा शोध. ती आठ दिवस नुसती फिरली. शेजारी कोण काय पेरतं, आपल्या बांधावर कोणतं गवत आपोआप उगवतं, हे बघायची आणि ढेकूळ उचलून बोटांत चुरायची.

"वरचा तुकडा भाटा हाय, निरा मुरूम. थ्यात पानी ठरत नाई. खालची बांधी काळी कन्हार. जमिनीले इचारा ना जी, हुडकोले काय इचारता?"

वाद नको म्हणून वाटणी केली. वरचा तुकडा माझा, खालची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं वावर, तिची. तिची यादी चौकोनांविना तयार होती: देशी धान, बांधावर तूर, आणि धानातच लाखोळी, ती लाखेची डाळ. लाखोळीनं पाय लुळे पडतात, असं मी ऐकवून पाहिलं. "रोज थेच खाल्ली तं पडतीन. आपून पाला खाऊ, डाळ कधीमधी," म्हणाली.

लाखोळीची रीत तिनं मला दोनदा सांगितली होती. धान कापायच्या पंधरा दिवस आधी, उभ्या पिकात, चिखल ओला असतानाच भिजवलेलं बी फेकायचं. इकडे त्याला उतेरा म्हणतात. धान कापलं जाईपर्यंत खाली रोपं आलेली असतात आणि उरलेल्या ओलीवर वाढतात. ना नांगर, ना पाणी. मी ते बायकोच्या माहेरच्या गोष्टी ऐकतात तसं ऐकलं. प्लांटमध्ये एक काम संपल्याशिवाय, जागा साफ झाल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही. एकाच जागी दोन कामं चालू, हे माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास मी एकटाच शेतावर गेलो. धान पिवळं पडत होतं आणि बांधीत पाणी होतं. कापणीआधी जागा कोरडी हवी म्हणून मी कुदळीनं बांध फोडला. पाणी निघून गेलं तेव्हा केवढा खूश होतो मी!

चार दिवसांनी ती भिजवलेल्या बियांचं ओलं पोतं घेऊन आली. फुटलेला बांध बघून थांबली.

"कोनं फोडला?"

"मी."

"कावून?"

"शटडाऊन," मिलमध्ये काम बंद करताना म्हणायचो तसं मी म्हणालो. आजही तो शब्द आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

याहून बारीक चुकीवर मी मिलमध्ये माणसांना फाडून खाल्लं आहे. तिनं फक्त डोळे पुसले, चप्पल काढली आणि धानात उतरली. एकेक पाऊल टाकत सगळी बांधी फिरली. पाय रुतला की मूठ उघडायची, पाय कोरडा राहिला की मिटून पुढे जायची. संध्याकाळपर्यंत पोतं निम्मं रिकामं झालं. सुक्या जमिनीवर तिनं एक दाणा वाया घालवला नाही. तिच्याबरोबर इतकी वर्षं संसार केला, पण तिला काय येतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

माघात मुलगा आला, ठरलेलं वर्ष आता संपत आलं होतं. माझ्या ब्रोकोलीची अळ्यांनी चाळणी केली होती आणि ढोबळी मिरची लिंबाएवढी होऊन तिथेच अडून बसली होती. खाली धान कापून झालेली तिची बांधी मात्र निळ्या फुलांनी भरलेली, गुडघ्याएवढी हिरवीगार. मुलानं एक कोवळी शेंग तोडून तोंडात टाकली, मग दुसरी, मग मूठभर.

"आई, ये तो मटर से भी मीठा है!" मग बांधीच्या वरच्या अंगाला उघडा पडलेला पट्टा त्याला दिसला. "पन थे तेवढं रिकामं कावून?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"थे तुया बाबानं राखून ठेवलं. प्लॉटिंगवाल्याले इकाचं असन तं तेवढं इका."

मुलगा खो खो हसला. हसता हसताच त्यानं प्लॉटिंगवाल्याला फोन लावला आणि "नहीं भैया, नहीं बेचना है," असं दोनदा सांगितलं. तिनं ते ऐकलं असणार, पण वळून पाहिलं नाही. ती माझ्या त्या सुक्या पट्ट्यात जाऊन बसली होती, ढेकूळ बोटांत चुरत.

"सांगा जी," तिनं मला हाक मारली, "इथं पुढच्या साली काय लावाचं?"

मी चप्पल काढली आणि तिच्याकडे गेलो.