वरच्या सतरा पायऱ्या

मच्छिंद्रला गावात आता 'संस्कारी पोरगा' म्हणतात. तो शब्द ऐकला की माझे हात शिवशिवतात.

हसनाबादहून जीपनं अर्धा तास गेलं की आमचा डोंगर लागतो. माथ्यावर डोंगराईचं देऊळ. मच्छिंद्रनं अकरा वर्षं त्या देवळाला पाणी पुरवलं. वीस लिटरचा जार पाठीला बांधायचा आणि पूर्वेच्या धारेनं चढायचा. रिकामा जार घेऊन मागच्या अंगानं, पाझर तलावाला वळसा घालून पळत खाली यायचा. रोज तीन खेपा. असा गडी मी जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही, आणि मोर्च्यांपायी जिल्हा मी पालथा घातलाय.

मागच्या दिवाळीत ट्रस्टनं खालच्या विहिरीवर मोटर बसवली, माथ्यापर्यंत पाइप नेला. अध्यक्ष कारभारी अण्णांनी मच्छिंद्रला एका वाक्यात मोकळं केलं, "आता तुला आराम." आराम! त्याच्या आईचं, सगुणाबाईचं, देवळातलं झाडलोटीचं काम तेवढं राहिलं.

जानेवारीत जालन्याच्या एका अकादमीनं याच डोंगरावर दौड ठेवली. पूर्वेची धार, माथा, मागचा उतार, परत गाव. मच्छिंद्रचीच रोजची वाट, फक्त तिला इंग्रजी नाव दिलेलं. पत्रकावर माथ्यावरून दिसणाऱ्या पूर्णेच्या पात्राचा फोटो, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं, की जिल्ह्यातून पहिला येणाऱ्याला अकादमीत प्रशिक्षक म्हणून कायम घेऊ. ते मुंगीएवढं अक्षर मी वाचलं. फॉर्म मी भरला. बूट माझ्या भाच्याचे, एक नंबर मोठे; पुढं कापूस कोंबला.

आयोजकांनी प्रत्येकाला नाण्याएवढी चिप दिली. ती बुटाच्या लेसला बांधायची, तिच्यावरून मशीन वेळ मोजतं, एवढंच आम्हाला कळलं. मी मच्छिंद्रला तीनदा बजावलं, "चिप सोडायची न्हाई. मेला तरी न्हाई."

"बिलकुल न्हाई सोडत, दादा."

दौडीच्या दिवशी तो खाली आला तेव्हा मागं चिटपाखरू नव्हतं. चार मिनिटांनी दुसरा आला, जालन्याचा एक पोरगा. मी नाचलो. खोटं कशाला सांगू, नाचलो.

फळ्यावर नावं लागली. त्यात मच्छिंद्र नाही.

आयोजक सोमेश्वर सर लॅपटॉपमागून मान वर न करता म्हणाले, "माथ्याची नोंद नाही. वर गेलेच नाहीत हे."

"अरे, चिप सोडली का काय तू?" मी मच्छिंद्रवर ओरडलो.

"न्हाई ना, दादा. चिपला हातबी न्हाई लावला." त्यानं बूट पुढं केला. चिप जागेवर होती. "बूट काढले फकस्त. पायऱ्यांखाली. देवीपुढं बूट घालून कसं जाऊ?"

माथ्यावर देवळापुढं सतरा पायऱ्या आहेत. चिप वरून गेली की वेळ नोंदवणारी मशीनची चटई सगळ्यात वरच्या पायरीवर. चिप बुटासोबत खालीच राहिली; हा अनवाणी चढला, चटईवरून गेला, उंबऱ्याला हात लावला, खाली येऊन बूट घातले आणि पुढं पळाला. काढायला-घालायला गेलेला वेळ धरूनही चार मिनिटं पुढं! बाकी सगळे बूट घालूनच चढले होते. त्या दिवसापुरती ट्रस्टनं तशी मुभा दिलेली. जालन्याच्या हॉटेलातल्या बैठकीत हे सांगितलं म्हणे. आम्हाला त्या हॉटेलचा पत्तासुद्धा माहीत नाही. आणि हेच कारभारी अण्णा एकदा मच्छिंद्रच्या जारावर चप्पल बांधलेली दिसली म्हणून सगळं पाणी ओतायला लावणारे.

अण्णा त्या दिवशी वर छत्रीखाली खुर्ची टाकून बसले होते. आता खाली आले होते. मी म्हणालो, "अण्णा, बोला. तुमच्या डोळ्यापुढून गेला का न्हाई?"

"गेला ना. सगळ्यात आधी गेला," अण्णा म्हणाले. "पन मशीनच्या मधी मी कशाला पडू?"

मी टेबलावर हात आपटला. लॅपटॉप वाचला, पाण्याच्या बाटल्या पडल्या. दोघांनी मला धरून बाजूला नेलं. तेवढ्यात अण्णांनी माइक घेतला, "शर्यतीतबी देवीचा मान राखणारा आपला मच्छिंद्र! असे संस्कार पाहिजेत!" शाल, नारळ, टाळ्या. प्रशिक्षकाची जागा दुसऱ्या आलेल्या पोराला गेली.

"फेक ती शाल," मी म्हणालो.

"सगळे बघून राह्यले, दादा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन पानी तक्रार लिहून त्याच्या घरी गेलो. अण्णांचं बोलणं शब्दन्‌शब्द घातलं, साक्षीदार म्हणून त्यांचंच नाव. मच्छिंद्रनं सगळं वाचलं, पेन घेतलं. सगुणाबाई केरसुणी घेऊन निघाल्या होत्या, दारात थांबल्या.

"अन्नाचं नाव हाये का त्याच्यात?"

"आहे."

"मंग उद्या मी कुठं जाऊ झाडायला?"

मच्छिंद्रनं पेनाला टोपण लावलं. माझं डोकं फिरलं. "बसा मग जन्मभर त्याच्या पायऱ्या झाडत!" मी त्या माउलीला म्हणालो. तिनं ऐकून घेतलं आणि डोंगराकडं निघाली. उशीर झाला की अण्णा बोलतात.

ती गेल्यावर मच्छिंद्रनं विचारलं, "दादा, तुमी कधी बूट घालून त्या पायऱ्या चढले का?"

मी कलेक्टरच्या टेबलावर कागद आपटलेला माणूस. मान खाली घालून म्हणालो, "न्हाई."

त्यानं तिन्ही पानं नीट घडी करून माझ्या हातात दिली. सोमवारी तो जालन्याला सळईच्या कारखान्यात ठेक्यावर लागला.