संध्याकाळच्या व्होल्टेजवरचं गाणं

आमच्या आंबेगाव तालुक्यात तेव्हा गिटार म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या पांढऱ्या बुटांच्या माणसाने गळ्यात अडकवायची वस्तू, एवढीच सगळ्यांची समज होती. जत्रेत ऑर्केस्ट्रा आला की मी मुद्दाम स्टेजच्या कडेला जाऊन उभा राहायचो. त्या माणसाच्या गिटारची वायर कुठेच जोडलेली नसायची. तिचं दुसरं टोक त्याच्या पँटच्या मागच्या खिशात खोचलेलं असायचं. तरी तो डोळे मिटून, मान झटकून असा काही वाजवायचा की पुढच्या रांगेतून शिट्ट्या पडत. सूर सगळे कॅसिओवाला काढायचा आणि वाहवा ह्याला. असल्या लोकांसमोर शिकून तरी काय करायचं, असं मला वाटायचं, आणि तरीही मला शिकायचंच होतं.

गिटार मला पुण्याच्या मामेभावाकडून मिळाली. त्याला ती वाढदिवसाला आणली होती आणि चार महिन्यांत त्याची बोटं दुखून आली. मग त्याने आपण गायक असल्याचं जाहीर केलं आणि गिटार गावाकडे पाठवून दिली. जुने कपडे पाठवतात तशी. सोबत एक कॅसेट होती, त्यात परदेशी रॉकची गाणी भरून घेतलेली. त्यातल्या एका गाण्याने मला धरलं ते कायमचं. जड पावलांनी चढ चढावा तसं ते सुरू व्हायचं आणि मधे गिटारचा एक मोठा तुकडा यायचा. तो संपला की मी टेप मागे फिरवून पुन्हा ऐकायचो. शब्द मला अर्धेच कळत होते. त्याने काही अडलं नाही.

मंचरला एक गिटारचा क्लास होता. नव्वदीतल्या आमच्या भागाच्या मानाने हे मोठंच अप्रूप. मास्तर मुळात पेटीवाले. ते गिटारवर वाढदिवसाचं गाणं शिकवायचे, मग गणपतीची आरती, मग पुन्हा वाढदिवसाचं गाणं. मी रॉक म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्याकडे तंबाखू मागितल्यासारखं पाहिलं. दर वेळी ते माझी गिटार आपल्या पेटीला लावून द्यायचे आणि घरी येऊन टेप लावला की ती टेपशी जुळायची नाही. मी प्रत्येक वेळी तारा सैल करून पुन्हा टेपला जुळवायचो. पेटी जुनी आहे, मास्तर त्याहून जुने आहेत, आणि ज्याला स्वतःच्या पेटीचा सूर उतरलाय की चढलाय हे कळत नाही तो मला काय शिकवणार, असं म्हणून मी क्लास सोडला. फीचे पैसे वाचले म्हणून घरात आनंदच झाला.

पुढचं सगळं मी टेपवरून शिकलो. तो टेप मेकॅनिकने जुळवून दिलेला होता. कुठलं डबडं, कुठली मोटर, आणि वर कुणाच्या तरी फुटक्या डेकचं झाकण. महाळुंगे पडवळच्या अलीकडे आमची वस्ती आहे. दिवसा कॉलेज आणि शेत, तेव्हा टेप लागायचा तो संध्याकाळी. संध्याकाळी लाइट आली की साऱ्या शिवारातल्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या. घरातला बल्ब पिवळा पडायचा, पंखा पाती मोजता येतील इतका हळू फिरायचा आणि त्यातच आमचा टेप चालायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. लाइट म्हणजे अशीच असते. कधी मोटरी बंद असताना बल्ब पांढराफटक पेटला, तर मात्र काकू स्वयंपाकघरातून ओरडायची, "बंद करा रे त्यो टेप! व्होल्टेज वाढलंय, जळंल!" तेव्हा गाणं पळायला लागलेलं असायचं, आणि आम्ही धावत जाऊन बटण दाबायचो. गाणं पळतंय म्हणजे मशीन बिघडायच्या बेतात आहे, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

साथीला माझा चुलतभाऊ होता. त्याला ह्या संगीतातलं काडीचं कळत नव्हतं. तो लग्नाच्या वरातीत ढोल बडवायचा आणि त्याच्या मते जगातलं कुठलंही गाणं वरातीच्या ठेक्यात बसवता येतं. मी त्याला खताच्या निळ्या ड्रमवर बसवला आणि हा ठेका जड आहे, इथे हात थांबवायचा असतो, हे शिकवता शिकवता माझा घसा बसला.

"आरं, मधी गिरकी घेतो की जरा. मोकळं मोकळं वाटतंय."

"मोकळंच ठेवायचं आहे ते."

"तुज्या गोऱ्याला येत नसंल, म्हून मोकळं ठिवलंय त्यानं."

असल्या माणसाबरोबर मी तीन पावसाळे काढले. गिटारच्या पोटात भजनी मंडळाचा माइक कोंबून ती मंडळाच्याच ॲम्प्लिफायरला जोडायचो. त्यातून असा खरखरीत, फाटका आवाज निघायचा की बाहेरच्या रॉकवाल्यांनी त्यासाठी वेगळं यंत्र विकत घेतलं असतं. गावाला मात्र त्याची किंमत शून्य. "आरती वाजव की राव ह्याच्यावर," हे एकच वाक्य मी पाटलापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलं. एकदा गणपतीत वाजवली. लोक म्हणाले, पेटीवर बरी वाटते.

मला टाळ्या नको होत्या. ज्याला हे गाणं कळतं अशा एका तरी माणसाने ते ऐकावं आणि म्हणावं, बरोबर वाजवतोयस, एवढंच मला हवं होतं. जुन्नर-आंबेगावात असा माणूस नव्हता. ओझरपासून आहुप्यापर्यंत कुठेच नव्हता. मी शिकलो ते खरं की खोटं हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं आणि रोज रात्री झोपताना हे मला कुरतडायचं.

मग हिवाळ्यात मामेभाऊ हुरडा खायला आला. बांधावर उभा राहून "किती शांत आहे यार इकडे" असं दर दहा मिनिटांनी म्हणत होता आणि शेजारी सात मोटरी धडधडत होत्या. त्याच्या कॉलेजातल्या पोरांनी बँड काढला होता, हा त्यात गात होता, आणि त्यांचा गिटारवाला परीक्षेसाठी घरच्यांनी कोंडून घातला होता. माझं वाजवणं ऐकायला ह्याला वेळ नव्हता, कारण हुरडा गरम होता. "कॅसेटवर रेकॉर्ड करून पाठव," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. "पोरांना ऐकवतो. आवडलं तर तूच."

रेकॉर्डिंगला आम्ही कोरी कॅसेट आणली आणि लाइट यायची वाट पाहत बसलो. लाइट आल्याबरोबर चुलतभाऊ उठला.

"कुठं चाललास?"

"मोटर चालू करून येतो. पाण्याचं बारं द्यायचं हाय उसाला. तुजं गाणं काय, उद्या बी हाय."

तो येईपर्यंत बल्ब नेहमीसारखा पिवळा झाला. मी गिटार टेपला जुळवून घेतली, मंडळाच्या कर्ण्याच्या तोंडावरचा रुमाल काढला, कोरी कॅसेट त्याच टेपमध्ये घालून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि आम्ही वाजवायला लागलो. मधला मोठा तुकडा मी त्या दिवशी एकही सूर न सांडता वाजवला. ड्रमवर बसलेल्या महाभागाने गिरकी घेतली नाही, हा त्याहून मोठा चमत्कार. ऐकून पाहिलं तर आम्ही आणि मूळ गाणं यात फरक फक्त मागे हंबरणाऱ्या म्हशीचा. कॅसेट दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली.

आठवड्याने एसटीडी बूथवर निरोप आला. फोनवर मामेभाऊ ओरडतच होता. "अरे, डिट्टो! सेम टू सेम! पोरं वेडी झालीत. रविवारी ये." बूथवाल्याने बिल सांगितलं ते मला ऐकूच आलं नाही. मी बाहेर येऊन विनाकारण रसवंतीत बसलो आणि दोन ग्लास रस प्यालो. आयुष्यात तेवढा आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही, हे मी बायकोसमोरही म्हणतो.

पुण्यात त्यांची खोली होती कोथरूडला, एकाच्या बापाच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले. चार पोरं, चौघांचे केस मानेवर, चौघांनाही उन्हाची सवय नाही. ती आपसात इंग्रजीत बोलत आणि माझ्याशी शुद्ध मराठीत, हळूहळू, बहिऱ्याशी बोलावं तशी. मी सवयीने तारा माझ्या कानातल्या सुराला लावल्या. कीबोर्डवाल्याने एक पट्टी दाबली आणि तोंड वाकडं केलं.

"ट्यून नाहीये."

"आहे," मी म्हणालो.

त्याने मग स्वतः खुंट्या पिळल्या. तारा इतक्या ताणल्या की बोट ठेवलं तर कापेल. तेवढ्यात दुसऱ्याने, मला आठवण करून द्यायला, मूळ गाणं त्यांच्या भारी प्लेअरवर लावलं.

गाणं पळत होतं. आवाज बारीक होता, ठेका उड्या मारत होता. माझा हात आपोआप प्लेअरच्या बटणाकडे गेला, जळेल म्हणून. मग मी वर पाहिलं. बल्ब पांढरा होता, पंखा गरगरत होता, आणि खोलीत कुणालाच काही वाटत नव्हतं.

तिथे उभ्या उभ्या मला सगळं उमगलं. आमचा टेप वर्षानुवर्षं संथ चालत होता. मी शिकलो ते संथ गाणं, खालच्या सुरातलं. तेच मी त्याच संथ टेपवर भरलं, आणि ती कॅसेट इथल्या पुऱ्या व्होल्टेजवर लागली तेव्हा आपोआप पळून मूळ गाण्याशी बरोबर येऊन बसली. म्हणून डिट्टो.

त्यांनी सुरुवात केली. पहिल्या ओळीला मी मागे पडलो, दुसऱ्या ओळीला हरवलो. मधल्या तुकड्यात माझी बोटं तिसऱ्या सुरावर आणि गाणं पुढच्या कडव्यात. तीनदा थांबवलं, तीनदा पुन्हा. मग चौघांतला सर्वांत लांब केसांचा जो होता, त्याने काठ्या खाली ठेवल्या.

"कॅसेटवर कोण वाजवत होतं?"

"मीच."

"नाही, खरं सांग. काही प्रॉब्लेम नाही. कोण आहे तो?"

मी त्यांना मोटरींचं सांगितलं. लाइट आली की बल्ब कसा पिवळा होतो, टेप कसा हळू होतो, सगळं. चौघंही ऐकत होती. ज्यांनी जन्मात डिम लाइट पाहिली नाही, त्यांच्यासमोर मी ऊस, बारं आणि डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा लोड सांगत होतो. एकाने हसू दाबलं. मामेभावाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना म्हणाला, "गावाकडे लाइटचा प्रॉब्लेम असतो रे." चोराला सोडवताना बोलतात त्या आवाजात. तो हात मी झटकून टाकला. मला तेव्हा त्याची किळस आली आणि ती आजही कमी झालेली नाही. मशीनवर वाजलं की डिट्टो म्हणून नाचायचं आणि समोर माणूस बसला की त्याला चोर ठरवायचं, असे हे जाणकार. ह्यांच्या एका शब्दासाठी मी तीन वर्षं झुरलो होतो.

"कळवतो," ते म्हणाले. मला दार दाखवायला दोघं आली.

शिवाजीनगरहून यष्टीत बसलो आणि राजगुरुनगरपर्यंत रागाने माझे कान तापलेले होते. त्यापुढे मात्र वेगळंच काही जाणवायला लागलं आणि ते रागाहून वाईट होतं. ते मूळ गाणं मला आवडलं नव्हतं. घाईचं, किरटं, हलकं होतं ते. ज्या गाण्यावर मी जीव टाकला ते गाणं जगात कुणी रचलंच नव्हतं. मग मी बरोबर वाजवतो की नाही हे सांगणार कोण? घरी चुलतभावाने विचारलं, "घेत्यात का?" मी म्हणालो, "त्यांना वाजवता येत नाही." त्याला ते पटलं. तो वैरण टाकायला निघून गेला.

पुढे मी गिटार कमी केली. काही वर्षांनी गावात नवी डीपी बसली, टेप गेले, सीडी आल्या. मूळ गाणं कुठे लागलं तर मी उठून जायचो.

मामेभावाचं लग्न पुण्यात झालं, बऱ्याच वर्षांनी, मोठ्या लॉनवर. आम्ही गावाकडचे एका टेबलाला बसलो होतो. केस गेलेली तीच पोरं आता पोटं घेऊन स्टेजवर चढली आणि मित्रासाठी म्हणून त्यांनी तेच गाणं सुरू केलं. वेग बरोबर, सूर बरोबर. शहरातले पाहुणे माना हलवत होते. मी खुर्ची मागे सारली.

शेजारी चुलतभाऊ मठ्ठा पीत होता. टेपचं, व्होल्टेजचं मी त्याला कधीच सांगितलेलं नव्हतं. त्याने ग्लास खाली ठेवला, स्टेजकडे बघत बराच वेळ ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आपलंच हाय नव्हं हे?"

"हो."

"मंग एवढ्या घाईत का वाजवत्यात? यष्टी चुकतीया का काय ह्यांची?" आणि मग आख्ख्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "न्हाई राव. ह्यांना जमंना. तू लई बराबर वाजवायचास."

मी पुन्हा खाली बसलो. माझ्या ताटातल्या दोन्ही जिलब्या उचलून त्याच्या ताटात टाकल्या. त्याने का म्हणून विचारलं नाही, खाऊन टाकल्या.